हिरवा दगड, तांब्याचे पट आणि आपलं वावर

विहीर पंचवीस-तीस फुटांच्या खाली गेली की आपल्या भागात एक प्रश्न हमखास वर येतो. सुरुंग लावून झालेला असतो, क्रेनच्या बादलीतून डबर बाहेर पडत असतं आणि त्यात एखादा हिरवागार दगड निघतो. काळ्या खडकाच्या पोटात पोकळी, पोकळीला आतून हिरवा लेप, मध्ये पांढरे चकाकणारे खडे. मग कोणीतरी तो धुऊन आणतं आन् म्हणतं, "भाऊ, हे तांबं तं नाई ना?"

रिसोडकडून, मालेगावकडून, मंगरुळपीरकडून, असे दगड दरवर्षी बघायला मिळतात. म्हणून म्हटलं एकदा हा विषय नीटच लिहावा. वाशीममध्ये तांबं आहे का, नसेल तर का नाही, विदर्भात ते कुठं आहे, ते शोधलं कोणी, आणि उद्या खरंच कोणाच्या वावरात सापडलं तर ते कोणाचं. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात तांब्यावर कोरलेलं सापडलंय, पण ते पुढे.

आधी तो हिरवा दगड. आपल्याकडच्या हिरव्या लेपाचं शास्त्रीय नाव सेलॅडोनाइट. हा अभ्रकाच्या जातीचा, मातकट, मऊ खनिज आहे. त्याचा हिरवा रंग लोखंडामुळे आहे, तांब्यामुळे नाही. लाव्हा थंड होताना त्यातल्या वाफेचे बुडबुडे तसेच अडकून राहिले, त्या पोकळ्यांमधून पुढे लाखो वर्षं गरम-कोमट पाणी झिरपत राहिलं, आणि त्या पाण्याने आधी हा हिरवा लेप दिला, मग त्यावर पांढरे झिओलाइट, गारगोटी, अकीक असं काय काय भरलं. या हिरव्या मातीला कमी लेखू नका. अजिंठ्याच्या चित्रांमधला हिरवा रंग याच हिरव्या मातीचा आहे. निळ्यासाठी लाजवर्द दगड दूरदेशाहून आणावा लागला, हिरवा मात्र आपल्याच काळ्या दगडाच्या पोटातून निघाला.

तांब्याचा हिरवा दगड वेगळा. त्याला मॅलाकाइट म्हणतात. तो जड असतो, रंग जास्त गडद, मोरपिसाकडे झुकणारा. ओळखायची पद्धत संत्र्यावाल्या शेतकऱ्याला आधीच माहीत आहे, फक्त ती खाणीची पद्धत आहे हे माहीत नसतं. आपण बोर्डो मिश्रण करतो. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. मिश्रण झाल्यावर त्यात लोखंडी विळा किंवा खिळा बुडवून बघतो. विळ्यावर तांबूस लेप चढला तर चुना कमी पडला, अजून घाला, नाहीतर पानं जळतील. तो तांबूस लेप म्हणजे खरं तांबं. पाण्यात विरघळलेलं तांबं लोखंडाला बघून बाहेर येतं आणि लोखंड त्याच्या जागी पाण्यात जातं. दगडाचंही तेच करायचं. हिरवा भाग खरवडून त्याची पूड काचेच्या भांड्यात घ्यायची, संडास साफ करायचं ॲसिड थोडंसं टाकायचं. मॅलाकाइट असेल तर फसफसून विरघळतं आणि पाणी हिरवट होतं. त्यात घासून स्वच्छ केलेला खिळा ठेवायचा. तांबं असेल तर खिळा लाल होतो. सेलॅडोनाइटमध्ये खिळा आहे तसाच राहतो. (हे उघड्यावर करायचं, वाऱ्याच्या दिशेला तोंड करून नाही, आणि लेकरांना लांब ठेवून.) एक मर्यादा आहे: तांब्याचं जे मुख्य खनिज खोल खाणीत मिळतं, पितळेसारखं पिवळं चमकणारं चाल्कोपायराइट, ते या ॲसिडला दाद देत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच.

आपल्या डबरातल्या दगडांवर माझा खिळा कधी लाल झालेला नाही.

आता गंमत बघा. तांबं आपल्या जमिनीत नाही, असं मात्र अजिबात नाही. दख्खनच्या काळ्या खडकात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, टनामागे साधारण १०० ते २५० ग्रॅम तांबं असतं. पृथ्वीच्या कवचाच्या सरासरीपेक्षा हे कितीतरी जास्त आहे. आपली काळी माती याच खडकाची. एक एकराचा सहा इंचांचा थर धरला तर वजन सुमारे ८०० टन भरतं. टनाला १०० ग्रॅम धरलं तरी एकरात ८० किलो तांबं झालं. मोरचुदात चौथा हिस्सा तांबं असतं, म्हणजे हे सव्वातीनशे किलो मोरचुदाच्या बरोबरीचं. माती परीक्षणाच्या कागदावर जस्त कमी, लोह कमी असं सारखं येतं, पण तांबं कमी असा शेरा काळ्या जमिनीत सहसा येत नाही, त्याचं कारण हेच. पिकाला उपलब्ध होणारं तांबं किलोमागे ०.२ मिलिग्रॅमच्या वर असलं की पुरे, आणि आपली जमीन ते सहज देते.

पण खाणीचा हिशोब वेगळा. मध्य प्रदेशातल्या मलाजखंडच्या खाणीत टनाला दहा किलोच्या आसपास तांबं मिळतं, तेव्हा कुठं ती चालते. आपल्याकडे टनाला पाव किलोही नाही, आणि तेही दगडाच्या कणाकणात वाटलेलं. खाण म्हणजे नुसतं धातू असणं नव्हे. निसर्गाने तो धातू चाळून, वाहून आणून एका जागी ढीग घातला पाहिजे. जसं पाऊस सगळ्या शिवारात पडतो, पण तळं एखाद्याच जागी साचतं.

हे ढीग घालायचं काम आपल्याच जातीच्या खडकात एका ठिकाणी झालंय. अमेरिकेत मिशिगन राज्यात, सुपिरियर सरोवराच्या काठी, किवीनॉ नावाचा भूभाग आहे. तिथंही असेच लाव्ह्याचे थरावर थर, असेच बुडबुड्यांचे पोकळ दगड. फरक एवढाच की त्या पोकळ्यांमध्ये आपल्याकडे जिथं पांढरे झिओलाइट भरलेत तिथं निव्वळ तांबं भरलंय. खनिज नाही, सरळ लालभडक धातू. तिथल्या मूळ रहिवाशांनी हजारो वर्षांपूर्वीपासून ते दगडी हातोड्यांनी काढलं, आणि १८४५ पासून १९६८ पर्यंत कंपन्यांनी तिथून सुमारे ५० लाख टन तांबं नेलं.

मग आपल्याला का नाही? वयाचा फरक आहे. तो लाव्हा ११० कोटी वर्षांचा, आपला साडेसहा कोटींचा. पण नुसत्या वयाने होत नाही. तिथले थर पुढे खोल गाडले गेले, तळाशी चांगलेच तापले, आणि त्या उष्णतेत खडकातून निघालेल्या गरम पाण्याने कणाकणातलं तांबं विरघळवून वर आणलं आणि बुडबुड्यांच्या थरांत सोडलं. आपल्या थरांवर असं ओझं कधी पडलं नाही. ते जिथं पसरले तिथंच आडवे पडून आहेत, भाकरीच्या चवडीसारखे. त्यांच्यातून फिरलेलं पाणी फार तापलेलं नव्हतं, त्याने हिरवा लेप आणि पांढरे खडे दिले, तांबं हललं नाही. सायबेरियातल्या नोरिल्स्कलाही असाच लाव्ह्याचा प्रदेश आहे, तिथं तापलेल्या रसाला वाटेत गंधक मिळालं आणि तांबं-निकेलचा प्रचंड साठा झाला. म्हणून आपल्या दख्खनच्या खडकातही भूवैज्ञानिक अधूनमधून शोध घेत असतात. आजवर पोटापाण्याला पुरेल असं काही हाती लागलेलं नाही.

आपल्या पायाखाली हा काळा खडक किती जाड आहे, ते समजून घेतलं की बाकीचं सोपं होतं. शेजारच्या लोणारला त्याची जाडी ६०० ते ७०० मीटर मानतात. किल्लारीचा भूकंप झाला १९९३ ला, त्यानंतर तिथं ६१७ मीटर खोल बोअर घेतलं. ३३८ मीटरपर्यंत काळा खडक, मग जेमतेम ८ मीटर जुना गाळ, आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा, अब्जावधी वर्षांचा जुना पाया. कोयनेला हाच पाया ९३३ मीटरवर लागला. म्हणजे आपण सगळे एका जुन्या देशाच्या छपरावर शेती करतोय. त्या खालच्या देशात डोंगर होते, नद्या होत्या, आणि तांबंही असू शकतं. पण आपण बोअर मारतो पाचशे फूट, फार तर हजार. त्या छपराच्या निम्म्यालाही पोचत नाही.

तो जुना देश उघडा पडतो पूर्वेला. वाशीमहून यवतमाळ, वणी असं जात राहा. वणीच्या आसपास काळ्या खडकाची शिव संपते. कोळसा लागतो, चुनखडी लागते, मग चंद्रपूर ओलांडलं की मातीचा रंग बदलतो, धानाच्या बांध्या दिसायला लागतात, दगड गुलाबी-करडे होतात. नागपूरला तर शहराच्या मधोमध ही शिव आहे. सीताबर्डीची टेकडी आपल्या काळ्या दगडाची, आणि तिथून पूर्वेला जुनाट खडकांचा मुलूख सुरू. आपल्याकडचा माणूस पऱ्हाटी आणि तुरीचा, तिकडचा धानाचा, यामागे पावसाइतकाच हा खडकाचा हिशोब आहे.

या शिवेवर पहिलं मन लावून काम केलं एका पाद्र्याने. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले, शाळा काढली, आणि फावल्या वेळात दगड गोळा करत हिंडले. सोबत रॉबर्ट हंटर नावाचे दुसरे पाद्री. दोघांनी मिळून नागपूर परिसराच्या भूस्तरांवर लिहिलं ते १८५५ च्या सुमारास लंडनला छापून आलं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही सरकारी संस्था सुरू झाली १८५१ ला, म्हणजे नागपूरकडचं हे काम जवळपास तेव्हाचंच. हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटजवळची जुनी दगडी वर्तुळं बघून परत येताना पूर आलेल्या नाल्यात वाहून गेले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्या नावाचं. ही दगडी वर्तुळं म्हणजे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांची पुरायची जागा. नंतर माहूरझरीला असली वर्तुळं उकरली तेव्हा त्यात घोड्याच्या अंगावरचे तांब्याचे दागिने निघाले. नाईकुंडला लोखंड गाळायची भट्टी निघाली. विदर्भातल्या माणसाला धातूची अक्कल इंग्रजांनी दिली, असं ज्याला वाटतं त्याने नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात एक चक्कर मारावी.

त्याहून मोठी गोष्ट बालाघाटची. आज तो जिल्हा मध्य प्रदेशात आहे, पण १९५६ पर्यंत तो आणि आपण एकाच प्रांतात होतो, राजधानी नागपूर. १८७० मध्ये तिथल्या गुंगेरिया गावात गुरं राखणाऱ्या दोन पोरांना जमिनीतून एक तांब्याचा तुकडा वर आलेला दिसला. खणलं तर ४२४ तांब्याच्या वस्तू निघाल्या, कुऱ्हाडी, पहारीसारखी लांब हत्यारं, आणि वर १०२ चांदीचे पातळ पत्रे. तांब्याचं वजन ८२९ पौंड, म्हणजे पावणेचार क्विंटल! तेव्हा बालाघाटात अधिकारी असलेल्या कॅप्टन ब्लूमफिल्डने त्याची खबर कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीला कळवली. अहमदनगर जिल्ह्यात दायमाबादला १९७४ ला असंच झालं. एका गावकऱ्याला झुडपाचं मूळ खणताना हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ असे चार जडशीळ धातूचे नग मिळाले, एकूण ६० किलोच्या वर. बघा, दोन्ही वेळा शोध लावणारा साहेब नव्हता. एकदा गुराखी, एकदा झुडूप खणणारा.

त्याच बालाघाट जिल्ह्यात मलाजखंड आहे. बैहरच्या पठारावर एक वाकडी, धनुष्यासारखी गारेची टेकडी, अडीच किलोमीटरच्या आसपास लांब. टेकडीवर जुन्या लोकांनी खणलेले खड्डे होतेच. वर हिरवा मॅलाकाइट, खाली पिवळं चाल्कोपायराइट. आपल्या भाषेत सांगायचं तर टेकडी स्वतःच पाटी लावून उभी होती. तरी पद्धतशीर तपासणीला १९६९ उजाडलं. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने बोअर घेतले, साठा मोजला, मग हिंदुस्थान कॉपर या सरकारी कंपनीने, जी १९६७ ला स्थापन झाली होती, १९८२ पासून खाण चालवायला घेतली. देशातला तांब्याचा सगळ्यात मोठा एकसंध साठा तो. जिथं टेकडी होती तिथं आज पायऱ्यापायऱ्यांचा भला मोठा खड्डा आहे, आणि आता काम भुयारातून खाली चाललंय. त्या तांब्यासोबत मॉलिब्डेनम नावाचा धातूही येतो. त्याच्या खनिजावरून वय काढलं ते सुमारे २४९ कोटी वर्षं. आपला दगड त्याच्यापुढे कालचं पोरगं.

आणि आपल्या महाराष्ट्रात? दोन ठिकाणांची नावं लक्षात ठेवा. नागपूर जिल्ह्याच्या दक्षिण-पूर्व कोपऱ्यात पुलर-परसोडी. तिथले खडक साकोली पट्ट्यातले, जुन्या समुद्राखालच्या ज्वालामुखीचे. तांबं आहे, थोडं सोनंही आहे, आणि त्याच पट्ट्यात कोलारी-भावरीला जस्त. याच मुलखात सोनझारी लोक नदीची वाळू धुऊन सोन्याचे कण काढत. ते लोक पिढ्यान् पिढ्या नमुने तपासत होते, फक्त अहवाल लिहीत नव्हते.

दुसरं ठाणेवासना, चंद्रपूर जिल्ह्यात पोंभुर्णा तालुक्यात. इथं जुन्या ग्रॅनाइटला वायव्य-आग्नेय अशी एक मोठी भेग गेलीय. त्या भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींवर घासल्या, दगडाचा चुरा झाला, त्या चुऱ्यातून तापलेलं पाणी वर चढलं आणि गार, हिरवं क्लोराइट व त्यात पिवळं चाल्कोपायराइट भरून गेलं. शेजारी बॅराइटच्या पांढऱ्या, जड शिराही आहेत, देवाडा-फुटाणा भागात. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तिथं चर खोदले, बोअर घेतले. मलाजखंडच्या मानाने प्रकरण लहान, म्हणून कित्येक वर्षं ते फायलीत राहिलं. दगडाची प्रत तीच असते, पण तांब्याचा भाव चढला की फाईल उघडते. विजेच्या गाड्या, सोलर, तारा, सगळ्याला तांबं लागतं, आणि देशाला लागणाऱ्या तांब्यातला फार थोडा हिस्सा देशातल्या खाणींतून निघतो. म्हणून असल्या लहान जागांचीही आता विचारपूस होते. भावाचा अंदाज आपल्याला कॉटन मार्केटमधून येत नसला तरी वावरातून येतो. मोटरचं वाइंडिंग आणि केबल रात्रीतून चोरीला जायला लागली की समजावं तांबं महाग झालं.

साठा कसा शोधतात तेही थोडक्यात सांगतो, कारण गाडी घेऊन कोणी दगड वेचताना दिसला की गावात लगेच 'खाण येणार' अशी बोंब होते. आधी नाल्यातला गाळ चाळून त्यातलं तांबं मोजतात. पाणी डोंगरभर फिरून येतं, त्यामुळे नाल्याचा मूठभर गाळ म्हणजे वरच्या सगळ्या शिवाराचा नमुना. मग माती, मग खडक. मग जमिनीत वीज सोडून कुठं ती वेगळी वागते ते बघतात, कारण धातूची खनिजं वीज धरून ठेवतात. एवढं सगळं जुळलं तर बोअर. तेही आपल्यासारखं भुगा काढणारं नाही, तर हिऱ्याच्या दातांचं, अख्खी दगडी कांडी बाहेर काढणारं. ती कांडी उभी चिरून अर्धी प्रयोगशाळेत, अर्धी पेटीत जपून ठेवायची. अशा बऱ्याच जागांमधून एखादीच खाणीपर्यंत पोचते. ठाणेवासनाला हे सगळं दशकानुदशकं चाललंय. म्हणून कोणी येऊन म्हणाला, की 'काका, तुमच्या वावरात तांबं आहे, मशीनने दाखवलं, एवढे पैसे भरा, करार करू', तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. तांदूळ ओढणाऱ्या तांब्याच्या भांड्याच्या नावाखाली आपल्या भागातल्या शहाण्यासुरत्या लोकांनी पैसे घालवलेत. तांबं तांदूळ ओढत नाही. लोहचुंबकालाही ते दाद देत नाही.

आता मालकी. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम ४८. जमिनीतल्या खनिजांवरचा हक्क राज्य सरकारचा, सनदेत वेगळं काही दिलं नसेल तर. सातबारा आपला, पण तो वरच्या मातीचा. तांबं हे मोठ्या खनिजांत मोडतं, त्याला १९५७ चा केंद्राचा कायदा लागू. २०१५ च्या दुरुस्तीपासून असे पट्टे लिलावाने दिले जातात आणि २०२३ च्या दुरुस्तीने तांब्यासह २९ खनिजांसाठी नुसत्या शोधाचा वेगळा परवाना आणला. रॉयल्टी सरकारला. लिलावातल्या खाणपट्ट्याने रॉयल्टीच्या दहा टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानला द्यायची, ती खाणीने बाधित गावांसाठी. जमीनवाल्याला मोबदला मिळतो तो पृष्ठभागाचा, म्हणजे पिकाचा, झाडांचा, जमिनीचा. खालच्या धातूच्या किलोमागे त्याला काही नाही. केरळच्या मलबारातल्या काही जमीनदारांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये खालचा हक्कही मालकाचाच असं ठरवलं, पण तिथला जुना जमीनहक्कच वेगळा होता. आपल्याकडे कलम ४८ उभं आहे.

आणि इथं आपलं वाशीम येतं. १९३९ मध्ये वाशीमला तांब्याचे पत्रे सापडले, अक्षरं कोरलेले. य. खु. देशपांडे आणि महाजन यांनी ते पहिल्यांदा वाचून प्रसिद्ध केले, पुढे वा. वि. मिराशींनी त्यावर सविस्तर लिहिलं. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती, त्याच्या राज्याचं ३७ वं वर्ष, म्हणजे चौथ्या शतकाचा उत्तरार्ध. वत्सगुल्माहून, म्हणजे वाशीमहून, त्याने नांदीकट म्हणजे नांदेडकडचं आकासपद्द नावाचं गाव ब्राह्मणांना दान दिलं. वंशावळ संस्कृतात आणि व्यवहाराचा मजकूर प्राकृतात. मला हे फार पटतं. मोठेपणा सांगायला संस्कृत, पण जमिनीचं काम लोकांना कळेल अशा भाषेत. आजचा खरेदीखताचा कागद बघा आणि सांगा कोण पुढारलेलं!

या पटामुळे इतिहासाचं एक कोडं सुटलं. वाकाटकांची एक अख्खी शाखा वाशीमला राज्य करत होती हे तोवर नीट माहीतच नव्हतं. अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यातल्या लेखात एका राजाचं नाव झिजून गेलेलं, ते या पटावरून सर्वसेन असं लावता आलं. ते १६ वं लेणं खोदवलं वराहदेवाने, तो वत्सगुल्म शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री. म्हणजे अजिंठ्याच्या भिंतीवरची हिरवी माती आणि वाशीमचं तांबं, दोन्ही एकाच घराण्याच्या हिशोबात येतात.

या दानपटांमध्ये सवलतींची लांब यादी असते. सरकारी माणसं गावात घुसणार नाहीत, गुरं-बैल फुकट नेणार नाहीत, दूध-फुलं मागणार नाहीत, वेठबिगार नाही. अचलपूरजवळच्या चमक गावी १८६८ च्या सुमारास वावर नांगरताना असाच पट निघाला, दुसऱ्या प्रवरसेनाचा. त्यात मीठ आणि जमीन खणण्यावरचा राजाचा हक्कही सोडलाय, आणि गावासोबत जमिनीतला निधी व ठेवही दिलीय असं स्पष्ट म्हटलंय. वाशीमच्या पटातही सवलतींची अशीच मोठी यादी आहे. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावावा लागतो. एक, जमिनीखालचं ते राजाचं, ही समजूत सोळाशे वर्षांपूर्वीही पक्की होती, नाहीतर ते सोडून देतो असं वेगळं लिहायची गरज काय. दोन, सोडायचं असेल तर ते शब्दांत लिहून, तांब्यावर कोरून सोडलं जायचं. मात्र ते सुटलं दान घेणाऱ्यासाठी. नांगर धरणाऱ्याचं नाव त्या पटावर तेव्हाही नव्हतं. ठाणेवासनाच्या भेगेवर ज्याचं धानाचं वावर आहे, त्याच्या दृष्टीने राजा बदलला, कलम बदललं, पण खालची मालकी जिथं होती तिथंच आहे. त्याला विचारायचं असेल तर ग्रामसभेत आणि जनसुनावणीत, तेही कागद वाचून. मोबदला पृष्ठभागाचाच मिळणार असेल तर पृष्ठभागाची नोंद तरी पूर्ण हवी. सातबाऱ्यावर विहीर चढवलेली हवी, झाडं चढवलेली हवीत, पीकपेरा दरवर्षीचा खरा हवा. हे आपल्यालाही लागू आहे. आपल्याकडे तांबं नाही, पण रस्ते, कॅनॉल, टॉवर लाइन येतातच.

खरंच कोणाला वेगळा दगड सापडला तर तो कुठल्या गटातला, किती फुटांवरचा हे लगेच लिहून ठेवा. न धुता कागदात गुंडाळा आणि जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे दाखवा. राज्याचं भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय नागपूरलाच आहे, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालयही नागपूरला सेमिनरी हिल्सवर.

आणि बोअरवाल्याची गाडी लागली की एक काम करा. काळ्या खडकाचा एक थर संपून दुसरा सुरू होताना मध्ये लाल मातीचा पट्टा लागतो, भुग्याचा रंग एकदम विटकरी होतो. तो किती फुटांवर लागला आणि त्याच्या वर-खाली पाणी किती आलं, एवढं वहीत टिपा. ड्रायव्हर सांगत नाही, आपणच उभं राहून बघावं लागतं. आमच्या शिवारातल्या बोअरांचे असे आकडे जमवतोय. रिसोड, मालेगाव, कारंजाकडचे कोणाकडे असतील तर पाठवा, गावाचं नाव आणि फूट एवढंच पुरे.